पैसे आले की फाइल आपोआप गेली पाहिजे: डिजिटल डाउनलोड विकणारी वेबसाइट कशी उभी करायची

नंदनवनातला शिकवणीवर्ग दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका विकतो. महालातला डिझायनर लग्नपत्रिकेचे नमुने विकतो, ताडोब्याच्या फेऱ्या करणारा छायाचित्रकार वाघाचे फोटो विकतो, धरमपेठेत शिवणवर्ग चालवणाऱ्या ताई कटोरी ब्लाउजचं पेपर कटिंग पीडीएफमध्ये विकतात. नागपुरात अशी फाइल विकणारे बरेच आहेत आणि बहुतेकांची पद्धत एकच आहे. स्टेटसला जाहिरात, खाली क्यूआर कोड आणि एक ओळ: "पेमेंटचा स्क्रीनशॉट टाका, फाइल पाठवते."

अशा मालाला डिजिटल डाउनलोड म्हणतात. कुरियर नाही, पार्सल नाही. गिऱ्हाईक पैसे भरतं आणि फाइल त्याच्या मोबाइलवर उतरते. माल कधी संपत नाही, त्यामुळे धंदा सोपा वाटतो. मग वेबसाइट करायचं ठरतं आणि सगळा वेळ लोगो, रंग नि बॅनरवर जातो. धंदा अडतो तो मात्र पैसे जमा होणं आणि फाइल हाती पडणं या दोन क्षणांच्या मधे. तो टप्पा नीट बांधला तर साधं, एका पानाचं दुकानही चालतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर चालतंय की, मग वेबसाइट कशाला?

महिन्याला पाच-दहा फाइली जात असतील तर खरंच गरज नाही. त्यापुढे अडचणी येतात. पहिली म्हणजे खोटे स्क्रीनशॉट. पैसे भरल्याचं हुबेहूब चित्र तयार करणारी अ‍ॅप सहज मिळतात, त्यामुळे स्क्रीनशॉट हा पैसे आल्याचा पुरावा धरताच येत नाही. बँकेतली जमा हाच पुरावा. दुसरी वेळेची. रात्री साडेअकराला पैसे भरलेल्या बाईला सकाळपर्यंत फाइल मिळाली नाही तर तिला फसवणूक झाल्यासारखं वाटतं. आणि वर्षअखेरीला हिशोब लावायला बसलं की कुठले १४९ रुपये फाइलचे आणि कुठले भावाने पाठवलेले, हे खात्याच्या उताऱ्यावरून कळत नाही.

दुकानाचे भाग

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव आणि होस्टिंग म्हणजे ती जिथे राहते तो भाड्याचा सर्व्हर. डॉट इन डोमेन वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर पडतं. साधं होस्टिंग काही हजारांत मिळतं, पण पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी विचारा. डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावानेच घ्या. वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर डोमेन असलं आणि पुढे त्याच्याशी वाजलं, तर दुकानाची पाटी त्याच्याच ताब्यात राहते. कुलपाचं चिन्ह दाखवणारं एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. ते ९० दिवसांचं असतं, म्हणून होस्टिंगवर त्याचं आपोआप नूतनीकरण चालू आहे ना, हे पाहून ठेवा.

दुकानाचं सॉफ्टवेअर म्हणून बहुतेक जण वर्डप्रेस आणि त्यावर वूकॉमर्स हे प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा जादा भाग, घेतात. दोन्ही मोफत आहेत. फक्त फाइलीच विकायच्या असतील तर ईझी डिजिटल डाउनलोड्स हे प्लगिन हलकं पडतं. खाली वूकॉमर्सचीच उदाहरणं दिली आहेत, कारण अडचण आली तर ते जाणणारा माणूस नागपुरात चटकन सापडतो.

उरलं पेमेंट गेटवे. गिऱ्हाइकाकडून यूपीआय, कार्ड किंवा नेटबँकिंगने पैसे घेऊन ते दुकानदाराच्या खात्यात टाकणारी ही मधली कंपनी. रेझरपे, कॅशफ्री, पेयू अशा काही आहेत. फी साधारण २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के. १४९ रुपयांवर साडेतीन रुपये जातात. पैसे खात्यात यायला सहसा कामकाजाचे दोन दिवस लागतात.

गेटवेकडे अर्ज करताना पॅन, बँक खातं आणि पत्त्याचा पुरावा तर लागतोच, पण अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण वेगळं असतं. संपर्क, अटी, गोपनीयता, पैसे परतीचे नियम आणि डिलिव्हरी ही पानं वेबसाइटवर नसतात. "आमच्याकडे कुरियरच नाही, मग डिलिव्हरीचं पान कशाला?" असं वाटतं खरं, पण तपासणारा ते बघतो. त्यात एवढं लिहिलं तरी चालतं: पैसे जमा होताच डाउनलोडची लिंक पडद्यावर आणि ईमेलवर मिळते, छापील प्रत पाठवली जात नाही.

फाइल ठेवायची कुठे?

सर्वांत जास्त होणारी चूक इथे होते. पीडीएफ वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत चढवतात आणि तिचा पत्ता ईमेलमध्ये टाकतात. तो पत्ता उघडा असतो. ज्याच्याकडे गेला त्याला फाइल मिळते, पैसे भरलेले असोत वा नसोत. एकाने तो शिवणाच्या ग्रुपवर टाकला की संपलं. कुठल्या पानावर दिसला तर गुगललाही सापडतो. गुगल ड्राइव्हवर "लिंक असलेला कोणीही" हा पर्याय ठेवून विकणं म्हणजे हेच. वर तिथे एकाच फाइलवर जास्त लोक आले की ड्राइव्ह काही काळ डाउनलोड बंद करतं.

रेल्वे स्टेशनवरच्या क्लोकरूमसारखी रचना हवी. माल आत कुलपात, बाहेर फिरते ती पावती. पावती दाखवली, ती खरी निघाली आणि तारीख उलटलेली नसली, तरच आतला माणूस सामान काढून देतो. वेबसाइटवर ही पावती म्हणजे प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळी तयार होणारी लिंक. तिच्यात फाइलचा खरा पत्ता नसतो.

वूकॉमर्समध्ये हे करायला उत्पादनाच्या पानावर 'व्हर्च्युअल' आणि 'डाउनलोडेबल' या दोन्ही चौकटींवर खूण करा. दुसरी करून पहिली विसरली तर पैसे भरल्यावर ऑर्डर 'प्रोसेसिंग'मध्येच अडकते, कारण काहीतरी कुरियरने पाठवायचं आहे असं सॉफ्टवेअर समजतं. फाइल त्याच पानावरच्या 'डाउनलोडेबल फाइल्स' या भागातून चढवा. मग ती वूकॉमर्सच्या वेगळ्या, संरक्षित फोल्डरमध्ये जाते. सेटिंगमध्ये फाइल देण्याची पद्धत 'फोर्स डाउनलोड' ठेवा. 'रिडायरेक्ट ओन्ली' निवडू नका, त्याने खरा पत्ता उघड होतो.

एक खाचखळगा माहितगारांकडूनही सुटतो. या फोल्डरचं कुलूप म्हणजे एचटीअ‍ॅक्सेस नावाची छोटी फाइल. अपाची आणि लाइटस्पीड प्रकारचे सर्व्हर ती वाचतात, एनजिनएक्स वाचत नाही. होस्टिंग एनजिनएक्सवर असेल तर कुलूप दिसतं पण लागलेलं नसतं. होस्टिंगवाल्याला सरळ सांगा की अपलोडमधला वूकॉमर्सचा फोल्डर सर्व्हरच्या पातळीवर बंद करून द्या.

लिंकची मर्यादा किती ठेवावी? पाच वेळा डाउनलोड आणि तीस दिवस हे बरं पडतं. एकदाच उतरेल असं ठेवलं तर लोक आधी मोबाइलवर उघडतात, मग छापायला झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर उघडू पाहतात, तिथे लिंक चालत नाही आणि फोन तुम्हाला येतो.

मोठ्या फाइलींचं गणित निराळं. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची मूळ अपलोड मर्यादा २ एमबी असते. होस्टिंगच्या पॅनेलमधून ती वाढवता येते. पण एक जीबीचा व्हिडिओ साध्या होस्टिंगवरून देऊ नका, तो अर्ध्यातच तुटतो. अशा फाइली अ‍ॅमेझॉन एस-थ्री किंवा क्लाउडफ्लेअर आर-टू यांसारख्या साठवणीत ठेवून तिथून ठरावीक वेळेपुरती लिंक द्यावी.

"पैसे कापले गेले, फाइल नाही आली"

हे वाक्य प्रत्येक दुकानदाराला ऐकावं लागतं. त्यामागे काय घडतं ते एकदा नीट समजून घेतलं तर अर्ध्या तक्रारी टळतात.

मोबाइलवर यूपीआयने पैसे भरताना गिऱ्हाईक ब्राउजर सोडून फोनपे किंवा गुगल पे मध्ये जातं. पिन टाकला, हिरवी खूण आली. आता गिऱ्हाइकाने ब्राउजरमध्ये परत यायला हवं, कारण "पैसे भरले" हा निरोप तिथूनच वेबसाइटला मिळणार असतो. पण हिरवी खूण दिसली की काम झालं असं समजून ते फोन बाजूला ठेवतं. कमी मेमरीच्या फोनमध्ये तोवर मागचं ब्राउजरचं पान बंदही झालेलं असतं. गेटवेकडे पैसे आहेत, वेबसाइटला पत्ता नाही, ऑर्डर 'पेंडिंग पेमेंट'मध्ये पडून.

यावरचा उपाय म्हणजे वेबहूक. गिऱ्हाइकाच्या फोनवर अवलंबून न राहता गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट कळवतो की अमुक ऑर्डरचे पैसे आले. गेटवेच्या डॅशबोर्डमध्ये वेबहूकचा विभाग असतो. प्लगिनने दिलेला पत्ता तिथे टाकायचा, एक गुप्त शब्द ठरवायचा, तोच प्लगिनमध्येही टाकायचा आणि पैसे जमा झाल्याची घटना निवडायची. गुप्त शब्दाच्या आधाराने प्लगिन निरोप खरा आहे का ते तपासतं. दोन ठिकाणी शब्दात एका अक्षराचा फरक पडला तरी निरोप नाकारला जातो आणि ऑर्डर तशीच राहते.

वेबहूक लावूनही निरोप पोचत नसेल तर पहिला संशय सुरक्षेच्या प्लगिनवर घ्या. ते गेटवेला हल्लेखोर समजून अडवतं. मग पत्ता बघा. तुमची साइट सुरुवातीच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय उघडत असेल आणि वेबहूकमध्ये त्यासकट पत्ता असेल, तर निरोप एका दारावरून दुसऱ्या दाराकडे वळवला जातो आणि त्या वळणात त्यातला मजकूर गळून पडतो. 'लवकरच येत आहे' हे पान चालू राहिलं असेल तरी हाच परिणाम होतो.

आणखी दोन गोष्टी. गेटवेमध्ये पैसे आपोआप 'कॅप्चर' होतील असं सेटिंग ठेवा. नाहीतर रक्कम नुसती राखून ठेवली जाते आणि काही दिवसांनी गिऱ्हाइकाला परत जाते. आणि वूकॉमर्समध्ये साठ्याची नोंद चालू असेल तर पैसे न आलेली ऑर्डर मूळ सेटिंगप्रमाणे ६० मिनिटांनी रद्द होते. फाइलीला साठा कसला? ती मिनिटांची चौकट रिकामी करा.

पैसे आले, ऑर्डर पूर्ण झाली, तरी ईमेल पोचत नाही असंही होतं. वर्डप्रेस सर्व्हरवरून जसा ईमेल पाठवतं त्याच्यावर जीमेलचा भरवसा नसतो. डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन नोंदी हव्यात. हा ईमेल खरोखर याच डोमेनच्या मालकाने पाठवला आहे, असं त्या सांगतात. पाठवणीही एसएमटीपी सेवेतून, म्हणजे ईमेल पाठवण्याच्या खास सेवेतून करा. शिवाय लिंक 'धन्यवाद'च्या पानावरही दिसू द्या, कारण ईमेलचा पत्ता घाईत चुकीचा टाकणारे पुष्कळ असतात.

साइट वेगवान करायला कॅशिंगचं, म्हणजे पानांच्या तयार प्रती साठवून दाखवणारं, प्लगिन लावलं असेल तर कार्ट, चेकआउट आणि 'माय अकाउंट' ही पानं त्यातून वगळा. नाहीतर एकीचं नाव-पत्ता दुसरीला दिसण्याचा धोका असतो, आणि ते अक्षम्य आहे.

फाइल मिळाली, पण उपयोगी पडली का?

पेपर कटिंगचंच उदाहरण घ्या. छाती ३६ चं कटोरी ब्लाउज, ए-फोरच्या अनेक पानांवर विभागलेलं, पानं कडेच्या खुणांवर जोडायची. ताईंनी माप बरोबर काढलंय. गिऱ्हाईक पीडीएफ घेऊन बर्डीवर झेरॉक्सच्या दुकानात जातं आणि तिथल्या संगणकावर 'फिट टू पेज' आधीपासून निवडलेलं असतं. प्रिंटर कडेची जागा सोडायला पान जरा लहान करतो. ९७ टक्क्यांवर छापलं तरी ३६ इंचांचे ३५ सुद्धा राहत नाहीत. मुंढा आवळतो, कापड वाया जातं आणि दोष ताईंच्या मापाला.

म्हणून पहिल्या पानावर ५ सेंटिमीटरचा चौकोन हवा आणि शेजारी मोठ्या अक्षरांत सूचना: 'अ‍ॅक्चुअल साइज' किंवा १०० टक्के निवडा, आधी हे एकच पान छापा, चौकोन पट्टीने मोजा, बरोबर भरला तरच पुढची पानं काढा. हीच सूचना विक्रीच्या पानावर आणि ईमेलमध्येही द्या.

मराठी मजकुराच्या फाइलींची निराळी दुखणी आहेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका दिसायला ठीक असते, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि मजकूर कॉपी केला तर भलतीच अक्षरं उमटतात. पीडीएफ करताना फॉन्ट आत जडवले नाहीत तर दुसऱ्याच्या फोनवर जोडाक्षरं फुटतात. फाइलीचं नाव मात्र रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा. झिप उघडताना काही संगणकांवर देवनागरी नावांचा चुथडा होतो.

एकीने घेऊन सगळ्यांना वाटली तर?

वाटली जाणार. हे पूर्ण थांबवणारं कुलूप अजून निघालेलं नाही, आणि जी कडक कुलपं आहेत ती पैसे भरणाऱ्यालाच छळतात. पासवर्ड लावला तर फाइलीसोबत पासवर्डही पुढे जातो.

प्रत्येक प्रतीवर घेणाऱ्याचं नाव आणि ऑर्डर क्रमांक छापून द्या. हे खरोखर उपयोगी पडतं. पीडीएफवर असा शिक्का आपोआप मारणारी प्लगिनं आहेत. स्वतःचं नाव असलेलं पान ग्रुपवर टाकताना माणूस कचरतो, आणि टाकलंच तर गळती कुठून झाली ते कळतं.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. भंग करणाऱ्याला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. पण हा कायदा तुम्हालाही लागू आहे. बालभारतीची पानं स्कॅन करून विकता येत नाहीत. कॅन्व्हातलं चित्र जसंच्या तसं फाइल म्हणून विकायला त्यांच्या परवान्यात मुभा नाही. लग्नपत्रिकेच्या नमुन्यासोबत फॉन्ट देत असाल तर फॉन्टचा परवाना आधी वाचा.

पैसे परत मागितले तर?

"डाउनलोड झाल्यावर पैसे परत नाहीत" असा नियम ठेवता येतो, पण तो पैसे भरण्याआधी दिसायला हवा. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल मालालाही लागू आहेत. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर परतावा नाकारता येत नाही. साइटवर तक्रार निवारणासाठी नाव आणि संपर्क द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. फाइल उघडली नाही असं कुणी म्हटलं तर वूकॉमर्सच्या नोंदीत पाहा. कुठल्या वेळी, कुठल्या आयपी पत्त्यावरून डाउनलोड झालं ते तिथे दिसतं. तरी १४९ रुपयांसाठी वाद घालत बसू नये. परतावा देऊन टाकावा, गेटवेची फी मात्र बहुधा परत येत नाही.

गुमास्ता, जीएसटी वगैरे

वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्रात गुमास्त्यासाठी नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि चालू खातं उघडताना कामी येते.

जीएसटीच्या दृष्टीने डिजिटल डाउनलोड ही सेवा आहे. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असलं तरीही. नागपूरकरांनी पुढचा फरक मात्र लक्षात ठेवावा. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा किंवा शिवनीच्या गिऱ्हाइकाला पीडीएफ विकली तर ही सूट आहे. त्याच गिऱ्हाइकाला साइटवरून लेस आणि कात्री कुरियरने पाठवली तर तो मालाचा आंतरराज्य पुरवठा झाला, आणि त्याला नोंदणी पहिल्या विक्रीपासून लागते. नोंदणी झाली की बहुतेक डिजिटल मालावर १८ टक्के कर येतो. छापील आवृत्तीही असलेल्या ई-पुस्तकाला ५ टक्के. आयकराला अशी सूट नाही, फाइलींचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचंच.

एवढी खटपट कशाला, तयार दुकान घेऊ की

घ्यायला हरकत नाही, पण गणित करून. गमरोडसारखी परदेशी सेवा थेट विक्रीवर १० टक्के आणि वर ५० सेंट घेते. १४९ रुपयांच्या फाइलवर १० टक्क्यांचे १५ आणि ५० सेंटचे ४० रुपयांवर. तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेलं. दोन-तीन हजारांच्या अभ्यासक्रमाला ते परवडेल, पेपर कटिंगला नाही. पेपालवर भारतातल्या भारतात पैसे घेणं २०२१ च्या एप्रिलपासून बंद आहे. ते फक्त परदेशी गिऱ्हाइकांसाठी.

दुकान उघडण्याआधी

गेटवेच्या टेस्ट मोडवर विसंबू नका. एक रुपयाचं उत्पादन तयार करा आणि दुसऱ्याच्या साध्या फोनवरून, मोबाइल डेटावर, खऱ्या यूपीआयने विकत घ्या. पैसे भरल्यावर ब्राउजरमध्ये परत न जाता तो बंद करा. दोन मिनिटांत ईमेल आला तर वेबहूक चालतोय. ईमेल इनबॉक्समध्ये पडला की स्पॅममध्ये, ते बघा. ठरलेल्या मर्यादेपेक्षा एकदा जास्त डाउनलोड करून लिंक नकार देते का पाहा. संरक्षित फोल्डरमधल्या फाइलीचा खरा पत्ता इन्कॉग्निटो खिडकीत टाका. फाइल उघडली तर कुलूप लागलेलं नाही. शेवटी एक रुपयाची नवी ऑर्डर करून तिचा परतावा द्या आणि ऑर्डर 'रिफंडेड' झाल्यावर तिची लिंक दाबा. तरीही फाइल उतरली, तर ती बहुधा अजून मीडिया लायब्ररीच्या उघड्या पत्त्यावरून जातेय. काढा आणि उत्पादनाच्या पानातून पुन्हा चढवा.